क्रेडिट परत करायला आलेला माणूस

विद्यापीठाच्या तळमजल्यावर चार नंबरची खिडकी आहे. मोठ्या वयात शिकायला आलेली मंडळी तिथे आपलं जुनं, अर्धवट राहिलेलं शिक्षण घेऊन येतात. कुणाचं एक वर्ष, कुणाची अडीच वर्षं, कुणाची संध्याकाळच्या वर्गातल्या दोन-चार विषयांची चिल्लर. खिडकीतल्या मॅडम ते सगळं तपासतात, जुन्या कॉलेजातला कुठला विषय इथल्या कुठल्या विषयाच्या जागी चालेल ते ठरवतात आणि तेवढे क्रेडिट नव्या खात्यात जमा करतात. जितके क्रेडिट जमा होतील तितके विषय कमी, आणि तितकी फी कमी. त्यामुळे त्या खिडकीवर विनवण्या होतात, रडारड होते, क्वचित धमक्याही होतात. पण सगळ्यांचं म्हणणं एकच असतं, आणखी द्या. क्रेडिट परत घ्या म्हणायला आजवर एकच माणूस आला. मॅडमनी त्याला आधी बसायला सांगितलं आणि मग पाणी दिलं.

हा माणूस लिफ्ट दुरुस्त करायचा. कामावर त्याला सगळे कुलूपराव म्हणत. शाफ्टमध्ये, म्हणजे लिफ्ट ज्या उभ्या बोगद्यातून वरखाली होते त्यात, उतरण्याआधी प्रत्येकाने मुख्य स्विचला स्वतःचं कुलूप लावायचं आणि किल्ली स्वतःच्या खिशात ठेवायची, असा त्या धंद्यातला रिवाज आहे. चार माणसं उतरणार असतील तर चार कुलपं. ‘मी बंद केलंय, तू जा’ हे वाक्य तिथे चालत नाही, म्हणणारा कितीही सज्जन असला तरी. कुलूप लावून झालं की बटण दाबून बघायचं, लिफ्ट खरोखर मेली आहे ना. एवढं सगळेच करतात. कुलूपराव आणखी एकदा दाबायचे.

हे त्यांना त्यांच्या उस्तादांनी शिकवलं होतं. उस्ताद आता कामावरून निवृत्त झालेत, पण त्यांची वाक्यं नोकरीत आहेत. लिफ्टच्या दोरांची दर वर्षी तपासणी होते आणि दाखला मिळतो. वर्ष संपलं की तो दाखला रद्दी. एकदा कुणीतरी म्हणालं, दोन महिनेच तर उलटलेत, दाखल्यावर चांगलं लिहिलंय. उस्ताद म्हणाले, “दोराला वाचता येत नाही.” विषय संपला.

बावीस वर्षं शिड्या चढून कुलूपरावांचे गुडघे गेले. डॉक्टर म्हणाले, शिडी बंद करा. लिफ्टवाल्याला शिडी बंद करा म्हणणं म्हणजे गवयाला तोंड बंद ठेवून गा म्हणण्यासारखं आहे. पण डॉक्टरांचा तो विषय नव्हता. उपाय काढला मेहुण्याने. मेहुण्याचं मोबाइलचं दुकान आहे आणि जगातली प्रत्येक योजना त्याला ठाऊक असते, त्यातल्या काही खऱ्याही असतात.

“भाऊजी, तपासनिसाची जागा बघा. तपासनीस शिडी चढत नाही. तो खाली उभा राहतो आणि दुसऱ्याला चढवतो.”

“त्याला पदवी लागते.”

“तुमची दोन वर्षं झालीत ना कॉलेजात?”

“झाली. मग सोडलं.”

“तुम्ही सोडलंत. कॉलेजने कुठे सोडलंय? तुमचे मार्क अजून तिथेच बसलेत, कोणी न्यायला येईल म्हणून.”

“लग्न ठरलं म्हणून सोडलं म्हणे,” आतून बायको म्हणाली. “माझ्या नावावर खपवतात. खरं तर लिफ्ट कंपनीत भरती निघाली होती आणि यांना ती जास्त आवडली.”

बायको एका दवाखान्यात नावनोंदणीच्या टेबलावर बसते. दिवसभरात शंभर माणसं तिला आपलं दुखणं कमी करून सांगतात, त्यामुळे तिच्यापुढे खोटं टिकत नाही.

तर मार्क खरोखरच बसलेले होते. कॉलेजातली दोन वर्षं, मध्ये कधीतरी पत्राने केलेला व्यवस्थापनाचा अभ्यासक्रम, कंपनीचं सुरक्षेचं प्रशिक्षण, सगळं खिडकीवर गेलं आणि मॅडमनी पदवीचा तीन चतुर्थांश भाग मंजूर करून टाकला. दहा विषय उरले. घरबसल्या संगणकावर शिकायचं, परीक्षेला केंद्रावर जायचं. मेहुण्याने पेढे वाटावेत तसा हा हिशोब नातेवाइकांत वाटला. “तीन भाग फुकट! चौथ्याचेच पैसे!”

फक्त एक काटा होता. तपासनिसाच्या जागेला वयाची अट पंचेचाळीसची, आणि दोन वर्षांत दहा विषय सुटले तरच कुलूपराव त्या अटीच्या अलीकडे राहणार होते. एक विषय जरी मागे राहिला तरी पदवी पुढच्या वर्षी, आणि पुढच्या वर्षी तिचा उपयोग घरात लावण्यापुरता.

नऊ विषय सुटले. कसे, तर इमारतींच्या गच्चीवरच्या मशीनच्या खोल्यांत, जेवणाच्या सुट्टीत, मोटर सुरू झाली की वाचणं थांबवून आणि थांबली की सुरू करून. बाविसाव्या मजल्यावर बसून त्यांनी अर्थशास्त्र वाचलं. त्यांच्या मते त्यातलं बरंचसं तळमजल्यावरून लिहिलेलं होतं.

दहावा विषय होता ‘यंत्रांची गती’. हा तर घरचाच, म्हणून शेवटी ठेवलेला. पुस्तक उघडलं, आणि पहिल्याच पानावर मान लांब करून उभी असलेली ती खूण दिसली. कॅल्क्युलसची. कुलूपराव तिच्याकडे बघत राहिले. ओळख होती, नाव आठवत नव्हतं. लग्नात एखादे काका समोर येऊन “ओळखलंस का?” विचारतात, तसं झालं.

कॅल्क्युलस त्यांच्या खात्यात जमा होतं. कॉलेजच्या पहिल्या वर्षाचा तो विषय, अठ्ठ्याहत्तर मार्क, मॅडमनी आनंदाने घेतलेला. त्यांनी एका जुन्या प्रश्नपत्रिकेवर घड्याळ लावून स्वतःची परीक्षा घेतली. शंभरपैकी आठ मिळाले, तेही तपासणारा ओळखीचा होता म्हणून.

दुसऱ्या कुणी पुस्तक घेऊन मुकाट्याने उजळणी केली असती. कुलूपरावांच्या मनात ते आलंही नाही. त्यांना दिसलं ते एवढंच: दाखला आहे, माल नाही. ते सुट्टी घेऊन खिडकीवर गेले.

“क्रेडिट परत करायचेत.”

“कुठल्या कॉलेजचे?” मॅडमनी सवयीने विचारलं.

“जुन्या कॉलेजचे. तुम्ही जमा केलेले. गणिताचे.”

“चुकून जास्त पडलेत का?”

“नाही, बरोबर पडलेत. मला येत नाही.”

मॅडमनी मान वर केली. “येत नाही म्हणजे?”

“तेव्हा येत होतं. आता गेलं. मुदत संपली.”

“आमच्याकडे क्रेडिटला मुदत नसते, साहेब.”

“दोराला असते,” कुलूपराव म्हणाले, आणि इथेच त्यांना पाणी देण्यात आलं.

“तुम्हाला एक सांगू?” मॅडम आवाज उतरवून म्हणाल्या. “असं कुणालाच काही येत नसतं हो. माझीच पदवी इतिहासाची आहे. विचारा एखादी लढाई.”

“नको.”

“बघा! तुम्हालाही माहितीये.”

मग त्यांनी नियम काढले. परत घेण्याची सोय कुठेच नव्हती; असं कुणी करेल हे नियम लिहिणाऱ्यांच्या डोक्यात आलं नसावं. एक वाट होती. विषय नव्याने घ्यायचा, वर्गाला बसायचं, परीक्षा द्यायची. मात्र नव्याने नाव घातलं की जुने मार्क त्या क्षणी पुसले जातात. नवे येतील ते खरे.

“आणि नापास झालात,” मॅडम एकेक शब्द सुटा करत म्हणाल्या, “तर अठ्ठ्याहत्तरही नाहीत आणि पदवीही नाही. या वर्षी तरी नाही. घरी जा, बोला, उद्या या.”

“उद्या पुन्हा सुट्टी घ्यावी लागेल,” कुलूपराव म्हणाले आणि सही केली.

घरी सांगितल्यावर बायकोने आधी गॅस बंद केला.

“थांबा. तुमच्याकडे होते.”

“होते.”

“कोणी मागितले नव्हते.”

“नव्हते.”

“आणि तुम्ही जाऊन दिलेत. अहो, लोक चोरून क्रेडिट मिळवतात! पदवी म्हणजे काय दोर आहे? कोण लटकणार आहे तिला?”

“तपासनीस झालो तर सगळेच. माझ्या सहीवर लोक आत पाय ठेवतील.”

“म्हणून कॅल्क्युलस? सही करताना कोण कॅल्क्युलस करतं?”

मेहुणा आला, त्याने ऐकलं, हातातला मोबाइल खिशात ठेवला आणि खुर्चीत बसला. हे घरात पहिल्यांदाच घडत होतं. शेवटी म्हणाला, “ताई, यांना मोबाइल विकायला बसवू नकोस. गिऱ्हाइकाला बॅटरीचं खरं सांगतील.”

“गुडघे तुमचे आहेत,” बायको नवऱ्याला म्हणाली, “पण जिन्यावरचं कण्हणं मी ऐकते. एवढंच लक्षात ठेवा.” आणि गॅस पुन्हा लावला.

गणिताचा वर्ग शनिवारी सकाळी पडद्यावर भरायचा. शिकवणाऱ्या बाई कुलूपरावांपेक्षा पंधराएक वर्षांनी लहान. पहिले काही आठवडे त्यांनी जे शिकवलं ते कुलूपरावांनी कुलूप लावल्यासारखं शिकून घेतलं: एकदा करायचं आणि चालतंय का ते दोनदा बघायचं. कळत काही नव्हतं. उत्तरं मात्र येऊ लागली होती, आणि तीच त्यांना संशयास्पद वाटत होती.

मग तो शनिवार आला. बाईंनी एक साधी रेघ काढली. एखादी वस्तू कुठे आहे, ही झाली तिची जागा. ती जागा किती भराभर बदलते, तो झाला वेग. वेग किती भराभर बदलतो, ते त्वरण. इथवर ठीक होतं. बाई म्हणाल्या, “आता हे त्वरणही बदलतं. ते किती भराभर बदलतं, त्यालाही नाव आहे. त्याला म्हणतात हिसका.”

कुलूपराव खुर्चीत पुढे सरकले.

इथे थोडं लिफ्टविषयी सांगायला हवं. लिफ्ट नीट लावली आहे का, हे बघायची उस्तादांची एक रीत होती. लिफ्टच्या फरशीवर नाणं कडेवर उभं करायचं आणि बटण दाबायचं. सुटताना आणि थांबताना नाणं उभं राहिलं, तर काम झालं. पडलं, तर परत पान्हा. बावीस वर्षं कुलूपराव पान्ह्याने आणि पोटाने हे काम करत आले होते. लिफ्ट सुटते तेव्हा माणसाच्या पोटात जो खड्डा पडतो, तो किती खोल आहे हे ते डोळे मिटून सांगत. पण तो कशाने पडतो? वेगाने नाही, सुसाट जाणाऱ्या लिफ्टमध्ये माणूस आरशात केस नीट करत उभा असतो. मग कशाने? उस्तादांना विचारलं होतं. ते म्हणाले होते, “हाताला कळतं. तोंडाला कळत नाही.”

आणि इथे ते एका ओळीत लिहिलेलं होतं. डावीकडे एक अक्षर, मध्ये बरोबरची खूण, उजवीकडे एकावर एक रचलेले तीन बदल. शरीराला वेग कळत नाही. एकसारखं त्वरणही ते थोड्या वेळात मुकाट्याने सोसतं. त्याला बोचतो तो त्याच्यातला अचानकपणा. बावीस वर्षं पान्ह्याच्या टोकावर जे ते चाचपत होते, ज्याला नाव आहे हेही त्यांना ठाऊक नव्हतं, ते पोटातलं काहीतरी पानावर शांत बसलेलं होतं.

त्यांनी हात वर केला. “बाई, हे गणित कधीचं?”

“कॅल्क्युलस? साडेतीनशे वर्षं तरी झाली.”

“तेव्हा लिफ्ट होत्या?”

“अशा माणसांच्या? नाही. त्या फार नंतर आल्या. दीड-दोनशे वर्षांनी.”

“मग त्यांना कसं कळलं?”

बाईंनी स्वतःच काढलेल्या रेघेकडे पाहिलं. “त्यांना लिफ्टचं कळलं नव्हतं हो,” त्या सावकाश म्हणाल्या. “ते ग्रहांचा विचार करत होते, पडणाऱ्या वस्तूंचा. पण जे बदलतं त्या सगळ्यालाच ते लागू पडतं, त्याला ते काय करणार!” थोडं थांबून म्हणाल्या, “मी हे चार वर्षं शिकवतेय. हा प्रश्न मला पडायला हवा होता.”

त्या दिवशी कुलूपराव जेवले की नाही, हे घरात कुणाला नक्की सांगता येत नाही. दुपारी बायको म्हणते त्याप्रमाणे ते नळाकडे बघत उभे होते. नळ सोडत, हळूहळू बंद करत, परत सोडत. तिने विचारलं, काय गळतंय? ते म्हणाले, “सगळंच आहे गं. सगळ्यात तेच आहे.” नावनोंदणीच्या टेबलावर अशी वाक्यं आली की ती माणसाला तिसऱ्या मजल्यावर, मानसोपचारवाल्यांकडे, पाठवते. इथे तिने नुसती चप्पल घातली. “चला. काय आहे ते दाखवा मला. एकदाच.”

ते तिला एका उंच इमारतीत घेऊन गेले. तिथली लिफ्ट त्यांच्याच देखभालीतली. शनिवारची दुपार, कार्यालयं बंद, पहारेकरी ओळखीचा. त्यांनी फरशीवर नाणं उभं केलं आणि वरचं बटण दाबलं.

“डोळे मीट. आता सुटतेय. हे बघ, वाढतंय… वाढतंय… आता वाढणं थांबलं. आता काहीच नाही. आपण जोरात चाललोय आणि काहीच नाही. आता परत. आलं?”

“आलं,” बायको म्हणाली. तिने भिंतीचा दांडा धरला होता. लग्नाला इतकी वर्षं झाली, नवरा लिफ्टमध्ये काम करतो हे तिला माहीत होतं. लिफ्टमध्ये काय करतो हे ती आज पहिल्यांदा पाहत होती. दार उघडलं. नाणं उभंच होतं. ती त्याच्याकडे वाकून बघत राहिली, मग हलक्या आवाजात म्हणाली, “आणि हे कुणीतरी आधीच लिहून ठेवलंय?”

“लिहून ठेवलंय.”

“तुम्हाला न विचारता?”

“मला न विचारता.”

ते परत खाली आले. तळमजल्यावर ती म्हणाली, “नाणं उभं राहिलं, चांगलं झालं. तुम्ही राहाल का ते सांगा.”

गणिताच्या परीक्षेत ते जेमतेम उभे राहत होते. तीन तासांचा पेपर. पहिले दोन प्रश्न बरे गेले. तिसऱ्यात रुळावरून जाणाऱ्या एका गाडीचं सूत्र दिलं होतं. तिचा वेग काढा आणि त्वरण काढा, एवढंच. कुलूपरावांनी काढलं. तिथे थांबायला हवं होतं. पण कुलूपराव दोनदा बघणारे. त्यांनी कुणी न विचारता हिसकाही काढला. ही गाडी सुटताना आतल्या माणसांच्या माना मोडल्या असत्या. कुठेतरी चुकलं असणार म्हणून त्यांनी पुन्हा केलं. तेच आलं. तिसऱ्यांदा केलं. मग समासात स्वच्छ अक्षरात लिहिलं, ‘या गाडीत माणसं बसवू नयेत’, आणि खाली सही केली. शेवटचा प्रश्न वाचायला घेतला तेव्हा पेपर गोळा व्हायला लागले होते.

तपासनिसाची ती जागा त्यांना मिळाली, हे आधीच सांगून टाकलेलं बरं, म्हणजे उगाच कुणाचा जीव टांगणीला नको. आज ते खाली उभे राहतात, दुसऱ्याला शिडी चढायला सांगतात, आणि सांगताना अजून संकोचतात. पण निकालाच्या दिवशी यातलं काहीच ठाऊक नव्हतं. अर्जाचा तो शेवटचा दिवस. बायकोने अर्धी सुट्टी घेतली होती.

चार नंबरच्या खिडकीत मॅडमनी संगणकाचा पडदा त्यांच्याकडे वळवला. “‘यंत्रांची गती’ सुटलाय. गणितात एक्केचाळीस.”

“पास कितीला?” बायकोने विचारलं.

“चाळीसला.”

बायको बाकावर बसली. मॅडमनी तिलाही पाणी दिलं. छापलेलं मार्कपत्रक खिडकीतून बाहेर सरकवताना त्या म्हणाल्या, “अठ्ठ्याहत्तर आता कुठेच दिसणार नाहीत, बरं का. अगदी कुठेच.” कुलूपरावांनी मान हलवली. मॅडम त्यांच्याकडे काहीशा अविश्वासाने पाहत होत्या. पंधरा वर्षं त्या खिडकीत काढून, आपण इतके दिवस नेमकं काय जमा करत होतो असं त्यांना वाटत असावं. मग त्यांनी पुढच्या माणसाला हाक मारली.

बसमध्ये बायकोने कागद मांडीवर पसरला.

“अठ्ठ्याहत्तर देऊन एक्केचाळीस आणलेत. माझा भाऊ हे ऐकून आजारी पडेल.”

“पडेल.”

“म्हणजे आता तुम्हाला शंभरातलं एक्केचाळीस येतं.”

“हो. तेवढं येतं.”

“आणि उरलेलं?”

कुलूपराव खिडकीबाहेर बघत होते. सिग्नल सुटला तशी बस निघाली, सगळे उभे प्रवासी एकदम मागे गेले आणि परत जागेवर आले. त्यांचे डोळे चमकले. “उरलेलं केवढं आहे ते कळलं,” ते म्हणाले. “अगं, ते फार मोठं आहे. मला वाटलं होतं…”

काय वाटलं होतं ते राहिलं, कारण थांबा आला. बायको आधी उठली, कागद घडी न घालता सरळ फाइलीत ठेवला आणि त्यांना हात दिला.

“उठा, गुडघा जपून. अर्जाची खिडकी चारला बंद होते.”